रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे स्थिरावला, मग ते बडोदे असो, इंदूर-ग्वाल्हेर असो की बेळगाव असो, तेथे त्याने पोटापाण्याची व्यवस्था लागताच एखादे ग्रंथालय काढले आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. त्या शिक्षणात मुलगा डॉक्टर व्हावा, पुढे मुलगीही डॉक्टर व्हावी, ही आकांक्षा फार जुनी आहे. परंतु डॉक्टर म्हटले की घरातल्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते पाटी लावलेल्या दवाखान्याचे, फार तर एखाद्या मोठ्या रुग्णालयातील सर्जनचे असते. वैद्यकात संशोधन करणारा डॉक्टर आपल्या कल्पनेत सहसा येत नाही. तो आलाच तर ‘एवढे शिकून शेवटी उंदीर-सशांच्या मागे लागला’ अशा काहीशा करुणायुक्त स्वरात येतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच डॉक्टर आहे: ज्याने वैद्यकातील एखाद्या शाखेचे विशेष शिक्षण पुरे केले, रुग्ण पाहणे सोडले नाही, आणि त्याच जोडीला संशोधन हेही आपले काम मानले.

हे दोन्ही एकत्र करणे कठीण का, हे समजण्यास साधे गणित पुरेसे आहे. अठराव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला असे धरू. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, त्यावर एक वर्षाची आंतरवासिता. मग प्रवेशपरीक्षेत एखाददुसरे वर्ष खर्ची पडते, ते विद्यार्थी बोलून दाखवत नाहीत पण बहुतेकांचे पडते. एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे. हृदयविकार, मूत्रपिंड, मज्जासंस्था अशी उपशाखा घ्यावयाची तर आणखी तीन. वय एकतीस-बत्तीस. येथून पुढे पीएच.डी. करावयाची म्हणजे चार-पाच वर्षे विद्यार्थ्याच्या वेतनावर राहणे. तोपर्यंत वडील निवृत्त झालेले असतात, धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे असते, आणि बरोबरच्या मित्राने हायवेलगत वीस खाटांचे रुग्णालय बांधून काढलेले असते. अशा वेळी ‘मला प्रयोगशाळेत जावयाचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला घरच्यांनी काय उत्तर द्यावे?

वर्षांपेक्षाही अवघड आहे तो दिवसाचा हिशेब. निवासी डॉक्टरचा दिवस पहाटे वॉर्डात सुरू होतो आणि संपतो केव्हा याला नियम नाही. आणीबाणीचा रुग्ण प्रयोगासाठी थांबत नाही, आणि जंतूंचे संवर्धन ओपीडीसाठी थांबत नाही. दोन्ही धनी सारखेच हट्टी. यातील एकाची चाकरी करताना दुसऱ्याचे नुकसान होते ही तक्रार जगातील सर्व देशांत, सर्व काळी ऐकू येते. तरीही ज्यांनी दोन्ही सांभाळले त्यांच्या हातून असे काही घडले जे केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्याच्या वा केवळ रुग्ण तपासणाऱ्याच्या हातून घडणे अवघड होते. यासाठी तीन ठिकाणची उदाहरणे पाहू: कलकत्ता, अमेरिकेतील डॅलस, आणि आपले महाड.

कलकत्त्याचे उदाहरण डॉ. शंभुनाथ डे यांचे. १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची, वडिलांचा लहानसा व्यापार फारसा न चाललेला. शिष्यवृत्तीच्या आधाराने त्यांनी हुगळी मोहसीन कॉलेजात आणि नंतर कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले, आणि १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले. उष्णकटिबंधीय रोगांची पदविका १९४२ ची. तेथील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक मणींद्रनाथ डे यांनी या अबोल तरुणाची पारख केली, त्याला आपल्या विभागात संशोधनास लावले, आणि पुढे आपली कन्याही त्याला दिली. विकृतिशास्त्र, ज्याला डॉक्टरमंडळी पॅथॉलॉजी म्हणतात, ती शाखा त्या काळी मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावर शिकली जाई. रोगाने शरीराच्या कोणत्या भागाची काय अवस्था केली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे, सूक्ष्मदर्शकाखाली ताडून घ्यावयाचे, आणि हयातीत रुग्णाला जो त्रास झाला त्याच्याशी त्याचा मेळ घालावयाचा, असे ते शिक्षण होते.

१९४७ मध्ये डे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात सर रॉय कॅमेरॉन या नामांकित विकृतिशास्त्रज्ञाकडे गेले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. घेऊन परतले. विषय होता मेंदूत पाणी साठण्याच्या विकाराचा. पाणी जेथे नको तेथे का साठते, हा प्रश्न पुढे त्यांना वेगळ्या रूपात भेटावयाचा होता.

परत आल्यावर ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात रुजू झाले. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, बंगालमध्ये किती घरे उजाडली याची गणती नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच पटकीच्या जंतूचा छडा लावला होता, आणि हा जंतू काही विष तयार करीत असावा असा तर्कही केला होता. पण सत्तर वर्षे उलटली तरी ते विष कोणाच्या हाती लागले नव्हते. शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, विष जंतूच्या देहातच असते, जंतू मेल्यावर ते रक्तात पसरते आणि सर्व शरीराला बाधा करते. म्हणून ते प्राण्यांच्या रक्तात जंतूंचा अर्क टोचून पाहात. प्राणी मरत, पण पटकीसारखे जुलाब काही होत नसत.

डे यांनी रुग्ण पाहिले होते आणि त्यांची आतडीही पाहिली होती. पटकीचा रुग्ण मरतो तो शरीरातील पाणी व क्षार आतड्यावाटे निघून गेल्यामुळे. तेव्हा पाहावयाचे तर आतड्यातच पाहिले पाहिजे, हा विचार आज अगदी सरळ वाटतो. त्यांनी सशाला गुंगी देऊन त्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला, न कापता, रक्तपुरवठा चालू ठेवून. त्या बंद पिशवीत पटकीच्या जंतूंचे संवर्धन टोचले आणि आतडे पुन्हा पोटात ठेवून पोट शिवले. दुसऱ्या दिवशी उघडून पाहतात तो ती पिशवी भाताच्या पेजेसारख्या पाण्याने टम्म फुगलेली! शेजारच्याच तुकड्यात जंतूंऐवजी साधा द्रव टोचला होता, तो रिकामाच होता. डी. एन. चॅटर्जी यांच्यासह त्यांनी हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. काही दोरा, एक ससा, एक पिचकारी आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर तयार झालेली नजर, एवढेच साहित्य. या पद्धतीने कोणता जंतू आतड्यात पाणी आणतो आणि कोणता आणत नाही हे एका दिवसात कळू लागले. १९५६ मध्ये डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कसोटी ‘ई. कोलाय’ या नेहमीच्या जंतूच्या काही जातींना लावली आणि जुलाबांच्या एका वेगळ्याच कुळाकडे बोट दाखवले.

राहिला होता तो निर्णायक पुरावा. जंतू स्वतः काही करतो की त्याने बाहेर टाकलेले विष? डे यांनी संवर्धनातील द्रव अशा गाळणीतून गाळला की एकही जंतू त्यात राहू नये, आणि तो निर्जंतुक द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचला. आतडे तसेच फुगले. विष जंतूच्या देहात दडलेले नाही, तो ते बाहेर सोडतो, आणि त्या विषाला आतड्यात पोहोचले की पुरे, रक्तात शिरण्याची गरज नाही, हे सिद्ध झाले. हा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’ मध्ये छापून आला. कॉख यांच्या तर्काला पंचाहत्तर वर्षांनी, त्याच शहरात, दुजोरा मिळाला.

पुढची कथा अनेकांच्या हातची आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. हे विष आतड्याच्या पेशी मारत नाही, त्यांतील पाणी-क्षार सोडणारी यंत्रणा बेफाम चालू करते, आणि साखर व मीठ एकत्र शोषून घेण्याची त्यांची शक्ती मात्र शाबूत राहते, हेही कळून आले. म्हणूनच साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून पटकीचा रुग्ण वाचवता येतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात सीमेवरच्या बोनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे करून दाखवले. शिरेतून देण्याचे सलाईन संपले, तेव्हा पिंपे भरून हे पाणी ठेवले आणि नातेवाइकांकडूनच रुग्णांना पाजवले. तोपर्यंत छावण्यांत शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आले. महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ, आणि कलकत्त्यात एका संशोधन केंद्रात काम करणारे, म्हणजे तेही याच दुहेरी वाटेचे प्रवासी. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

डे यांच्या वाट्याला हेही आले नाही. १९५५ पासून १९७३ पर्यंत ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. शिकवणे, शवविच्छेदने, परीक्षा, आणि मधल्या वेळात बोस इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणच्या सोयी वापरून संशोधन, असा क्रम होता. भारतातील कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही, शासनाचा कोणताही मोठा सन्मान मिळाला नाही. १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशनने पटकीवर भरवलेल्या परिसंवादासाठी त्यांना स्वीडनला निमंत्रण आले, तेव्हा अनेकांना हे गृहस्थ अद्याप हयात आहेत हे समजले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी तर त्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. १५ एप्रिल १९८५ रोजी डे वारले. ‘करंट सायन्स’ या आपल्याच नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये.

या उपेक्षेचे खापर एकट्यादुकट्याच्या माथ्यावर फोडता येणार नाही. शास्त्रज्ञ त्यांना डॉक्टर समजत होते आणि डॉक्टर त्यांना प्रयोगशाळेतला माणूस. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या जातीच्या माणसाला फार वेळा लागू पडते. कलकत्त्याला ही परंपरा नवी नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी एम.डी.नंतर १९०४ मध्ये पीएच.डी. मिळवली होती, आणि काळा आजारावरचे ‘युरिया स्टिबामाइन’ त्यांनी शोधले ते कॅम्पबेल रुग्णालयाच्या एका लहान खोलीत, जेथे गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता आणि रात्री रॉकेलचा दिवा लावून काम चाले. ते मात्र भाग्यवान, त्यांना ‘सर’ हा किताब तरी मिळाला.

आता डॅलसकडे वळू. जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन हे दोघे तरुण १९६६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर म्हणून एकत्र आले. दोन वर्षे रात्रपाळ्या करता करता मैत्री जमली. १९६८ मध्ये दोघेही वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संशोधनसंस्थेत गेले. त्या वर्षांत अमेरिकेत हुशार डॉक्टरांची तेथे रीघ लागे याचे एक कारण व्हिएटनामचे युद्ध होते. डॉक्टरांनाही सक्तीची लष्करी सेवा होती आणि या संस्थेतील दोन वर्षे त्या सेवेच्या ऐवजी धरली जात. युद्धाने विज्ञानाला नकळत केलेली ही मदत आहे. तेथील व्यवस्था अशी की, डॉक्टरने प्रयोगशाळेत काम करावयाचे आणि त्याच इमारतीतील रुग्णालयात रुग्णही पाहावयाचे.

गोल्डस्टीन ज्या वॉर्डात काम करीत तेथे एक भावंडांची जोडी दाखल होती. मुलगी सहा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. दोघांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नेहमीच्या कितीतरी पट होते. हा विकार आनुवंशिक आहे. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या अशा मुलांना शाळेच्या वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या मनात अशा वेळी जो प्रश्न उभा राहतो, तोच गोल्डस्टीन यांच्या मनात राहिला: या मुलांच्या शरीरात नेमके काय नाही? ब्राउन त्या वेळी अर्ल स्टॅडमन यांच्याकडे विकरांचे रसायनशास्त्र शिकत होते आणि गोल्डस्टीन मार्शल नीरेनबर्ग यांच्याकडे जनुकांची भाषा. एकाकडे प्रश्न होता, दोघांकडे मिळून हत्यारे होती.

टेक्सासमधील डॅलसच्या वैद्यकीय विद्यापीठात औषधवैद्यक विभागाचे प्रमुख डोनाल्ड सेल्डिन यांनी आधी ब्राउन यांना, आणि गोल्डस्टीन सिअ‍ॅटल येथे मानवी आनुवंशिकी शिकून आल्यावर त्यांनाही बोलावून घेतले. १९७२ पासून दोघे एकत्र काम करू लागले. या विकाराच्या रुग्णांच्या कातडीचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना बाहेरून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण दिले की त्या स्वतःचे कोलेस्टेरॉल तयार करणे थांबवत. रुग्णांच्या पेशी थांबतच नसत. कारण शोधता शोधता दिसले की, निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर हे कण पकडून आत घेणारे एक ग्राहक प्रथिन असते आणि रुग्णांच्या पेशींवर ते नसते वा निकामी असते. दार नसलेल्या घरात वाणसामान जात नाही, ते रस्त्यावरच साठून राहते, तसे कोलेस्टेरॉल रक्तात साठते. या शोधाला १९८५ चे नोबेल मिळाले. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीपासून मिळवलेल्या द्रव्यातून जी ‘स्टॅटिन’ औषधे निघाली, त्यांतील पहिले १९८७ मध्ये बाजारात आले. ती का लागू पडतात, हेही याच कामावरून उलगडते. यकृतातील पेशींवर असे दरवाजे वाढतात आणि रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढले जाते. आज या सभागृहातही सकाळी ती गोळी घेऊन आलेले काहीजण असतील.

ब्राउन-गोल्डस्टीन यांच्यापैकी कोणाकडेही पीएच.डी. नव्हती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांना मिळाली ती पदवी नव्हे, वेळ मिळाला. निवासी डॉक्टरकीनंतर काही वर्षे त्यांना कोणी ओपीडीत ओढले नाही. ती वर्षे कोणाच्या तरी निर्णयाने राखून ठेवलेली होती. अमेरिकेने याची व्यवस्थाही केली. १९६४ मध्ये तीन वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी. व पीएच.डी. एकत्र शिकवण्याचा सरकारी खर्चाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याला साधारण आठ वर्षे लागतात. औषधवैद्यकाच्या शाखेत तर परीक्षामंडळाने संशोधनाची वेगळी वाट आखून दिली आहे. वॉर्डातले शिक्षण थोडे कमी, आणि त्यानंतर तीन वर्षे अशी की ज्यांतील ऐंशी टक्के वेळ संशोधनालाच द्यावयाचा. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ठरलेल्या पद्धतीत शाखेचे शिक्षण घेणाऱ्या निवडक डॉक्टरांचा पाव वेळ, आणि पीएच.डी. नंतरच्या टप्प्यावर निम्मा वेळ, संशोधनासाठी राखलेला असतो. एवढे करूनही तेथे काळजी आहेच. जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ मध्येच रुग्ण पाहून संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे असा इशारा दिला होता, आणि तेच वाइनगार्डन पुढे त्या सरकारी संशोधनसंस्थेचे संचालक झाले.

आपल्याकडे काय? एम.डी., एम.एस. साठी प्रबंध सक्तीचा आहे, आणि हा नियम मुळात उत्तम. परंतु प्रबंधाला वेगळा वेळ नाही. तो रात्रपाळीच्या उरलेल्या तासांत लिहावयाचा. विषय बहुतेकदा मागच्या वर्षीच्या विषयाचा चुलतभाऊ असतो, आणि बांधणीवाल्याकडे सोनेरी अक्षरे कोरली की तो कपाटात जातो. महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंधांची अट आली तेव्हा निबंध वाढले, आणि पैसे घेऊन ते छापणारी नियतकालिकेही वाढली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचे काम मोजले. त्यांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. जेथे दरवर्षी शेकडो तरुणांना विशेषज्ञ बनवले जाते तेथे दहा वर्षांत एकही प्रश्न विचारण्याजोगा वाटू नये, यापेक्षा अधिक बोलके काय असेल?

आणि तरीही या भूमीत असे लोक झाले. लंडनची विकृतिशास्त्राची एम.डी. १९२३ मध्ये घेऊन आलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले, तोंडाच्या कर्करोगाचा त्यांनी १९४४ मध्ये घेतलेला मागोवा आजही उल्लेखिला जातो, आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. पण मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेत हे घडले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता महाडचे उदाहरण.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. भातकापणीच्या दिवसांत, गवताच्या भाऱ्यात, लाकडाच्या ढिगाऱ्यात, चपलेत. दंश झालेला माणूस येई तो घामाने निथळत, उलट्या करीत, हातपाय थंडगार पडलेले. काही तासांत धाप लागे, तोंडातून गुलाबी फेस येई आणि डोळ्यांदेखत मृत्यू येई. फुप्फुसात पाणी भरलेल्या अशा रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. पुस्तकांत या विषयावर चार ओळी असत आणि त्या वाचून केलेले उपचार फारसे उपयोगी पडत नसत.

बावस्करांनी प्रथम केले ते फार साधे काम: नोंदी. कोणत्या वेळी दंश, किती वेळाने घाम, नाडी किती, रक्तदाब किती, हृदयाचे ठोके कसे, कोण वाचला, कोण गेला. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसल्याखेरीज अशा नोंदी होत नाहीत. धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती हे त्यांतून स्पष्ट झाले, आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकाने ते छापले. कोकणातील एका तालुक्याच्या गावचे नाव त्या पानांवर आले.

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात औषधवैद्यकाची एम.डी. केली. विशेष शिक्षणाचा संशोधनाला काय उपयोग, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पुण्यात अतिदक्षता विभागात हृदय थकलेल्या रुग्णांना रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे दिली जात, ती त्यांनी जवळून पाहिली. विंचवाच्या विषाने शरीरात जो रसायनांचा पूर येतो, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे नोंदींवरून त्यांच्या ध्यानी आले होतेच. दोन्हींचा सांधा जुळला. एम.डी. घेऊन ते पुण्या-मुंबईत न राहता पुन्हा त्याच मुलखात आले. पोलादपूर-महाडकडे त्यांनी आधी शिरेतून द्यावयाचे सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. ते लागू पडले, पण त्यासाठी रुग्णाजवळून क्षणभर हलता येत नाही, रक्तदाब सतत मोजावा लागतो. खेड्यात हे परवडणारे नाही. मग त्यांनी ‘प्राझोसिन’ घेतले. रक्तदाबाची ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी विषाचा परिणाम जेथे होतो तेथेच आडवी येते. ही गोळी कोणत्याही आरोग्य केंद्रात ठेवता येते आणि आरोग्यसेविकाही देऊ शकते. ‘लॅन्सेट’ मधील त्यावरचा निबंध १९८६ चा. त्या भागातील गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण यथावकाश एक टक्क्याच्या आसपास उतरले.

त्यांच्या मागे विद्यापीठ नव्हते, संशोधन-अनुदान नव्हते, सहायकांचा ताफा नव्हता. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याच त्यांच्या सहकारी आणि अनेक निबंधांच्या सहलेखिका. दिवसा रुग्ण आणि रात्री लेखन, असा हा संसार. याला ‘अकॅडेमिक करिअर’ म्हणावे की नाही, असा प्रश्न एखादा विद्यापीठीय गृहस्थ विचारील. विचारो. अशा एकाकी मार्गाची किंमत मोठी असते आणि शासनाने किंवा विद्यापीठांनी तिच्याकडे बोट दाखवून ‘पाहा, सोयींवाचूनही होते’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक बावस्कर महाडला टिकले. सोयींअभावी किती जणांच्या नोंदवह्या अर्ध्यावर राहिल्या असतील, याचा हिशेब कोठेही नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या आधीची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विंचवाच्या विषावर उतारा म्हणून मुंबईच्या हाफकिनने तयार केलेली प्रतिविष लस उपलब्ध झाली, तेव्हा ती खरोखर उपयोगी आहे का, हा प्रश्न उभा राहिला. ज्या माणसाचे नाव प्राझोसिनशी जोडले गेले होते त्याने ही लस नको म्हटली असती तर कोणी नवल मानले नसते. बावस्कर दांपत्याने महाडमध्येच सत्तर रुग्णांवर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट यदृच्छेने पाडले. पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात आठ निघाले, दुसऱ्यात बत्तीस. हा निष्कर्ष दोघांनी स्वतःच्या सहीने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये छापला.